पी पफर लहान आहे म्हणून कुणासोबतही चालतो? नाही चालत

पी पफरबद्दल एक सल्ला सध्या जिकडेतिकडे फिरतोय. थोडक्यात असा की हा मासा जेमतेम इंचभर, त्यामुळे छोट्या बाऊलमध्ये आरामात राहतो, गप्पी, बेट्टा, टेट्रा कुणासोबतही सोडा, फ्लेक्स म्हणजे कोरडं पापुद्र्यांसारखं तयार खाणं खातो, पाण्यात थोडं मीठ टाकलं की झालं, आणि वर टँकमधल्या गोगलगायी फुकटात साफ करून देतो. लोक यावर विश्वास ठेवून मासा आणतात आणि मग आठवड्याभरात शेपट्या कुरतडलेल्या गप्पींचे फोटो दाखवून विचारतात की हा कुठला रोग, औषध काय देऊ. रोग नसतोच तो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो.

"लहान आहे, म्हणजे शांत आहे"

लहान आहे हे खरं, साधारण अडीच सेंटीमीटर, फार फार तर साडेतीनपर्यंत जातो. पण आहे तो पफरच, म्हणजे तोंडात दोन वर दोन खाली असे एकत्र जुळलेले चार दात, चोचीसारखे, आणि ते कवच फोडायला आणि मांस तोडायलाच असतात. एकदा त्याला शिकार करताना निवांत बघा. आधी पानाजवळ येऊन जागच्या जागी थांबतो, फक्त छोटे पर थरथरत असतात, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, एक तुमच्याकडे आणि एक पानाखालच्या गोगलगायीकडे, मग शेपटी एका बाजूला वळवून अंग किंचित वाकवतो आणि गोगलगाय कवचाबाहेर आली रे आली की एका झटक्यात मऊ भागाचा लचका. हीच नजर तो दुसऱ्या माशाच्या शेपटीवर पण लावतो. कुरतडलेली शेपटी नीट बघितली तर कडेला अर्धगोल खाच दिसते, एखादा तुकडा कापून नेल्यासारखी. फिन रॉटमध्ये, म्हणजे पर सडण्याच्या रोगात, कड हळूहळू झिजत जाते, बऱ्याचदा पांढुरकी किंवा लालसर होते. इथे कालपर्यंत अख्खी असलेली शेपटी सकाळी अर्धी झालेली असते.

"गप्पी, बेट्टा, टेट्रा, कुणीही चालतं"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं म्हणून इथे जरा थांबतो. गप्पी आणि बेट्टा म्हणजे लांब, लहरणारे पर आणि त्यात बेट्टा तर हळू पोहणारा, पफरला याहून सोपं काय हवं. शिवाय बेट्टा पण उलटा अंगावर जातो, म्हणजे दोघांपैकी एक तरी जखमी होणारच. एंजलफिश, लांब शेपटीचे मॉली, गोल्डफिश, हे सगळे याच कारणाने बाद. सिच्लिडसारखे दांडगे मासे ठेवले तर प्रकार उलटा होतो, पफर दिवसभर झाडांमागे दडून बसतो आणि उपाशी राहतो.

चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या लाल कोळंब्या, सोडणारे पण खूप आहेत. पिल्लं तर लगेच संपतात, मोठे श्रिंप दाट मॉसमध्ये (पाण्यातल्या शेवाळासारख्या बारीक झाडात) काही काळ टिकतात पण कात टाकल्यावर अंग मऊ असतं तेव्हा सापडले की गेले. श्रिंपची कॉलनी वाढवायची असेल तर त्या टँकमध्ये पफर नकोच.

मग कुणाचं जमतच नाही का? कधीकधी जमतं आणि तेवढं मान्य करायलाच पाहिजे. ओटोसिंक्लस (थोडक्यात ओटो, एक छोटा शेवाळ खाणारा मासा) हे नाव नेहमी घेतलं जातं, त्याला कारण आहे, पर आखूड, अंगावर कडक कवचासारख्या पट्ट्या आणि स्वभाव असा की पानाला चिकटून शेवाळ खात बसायचं, पफरच्या वाटेला जायचंच नाही. पण ओटोंना जुना, शेवाळ धरलेला टँक लागतो आणि त्यांचा ग्रुप लागतो, नव्या टँकमध्ये ते उपासमारीनेच जातात. मोठ्या, झाडांनी गच्च भरलेल्या टँकमध्ये काही जण चपळ छोटे मासे पण ठेवतात आणि त्यांचं महिनोन्महिने ठीक चालतं. पण ते त्या एका पफरच्या स्वभावावर असतं. दुसऱ्याच्या टँकमध्ये चाललं म्हणून तुमच्याकडे चालेल असं अजिबात नाही, आणि तीन महिने गप्प असलेला नर मोठा झाल्यावर अचानक चावायला लागतो हे पण होतं.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. चावाचावी झाली नाही तरी जेवणात गोची होते. पफर आधी प्रत्येक घास निरखून बघतो, तेवढ्यात टेट्रा सगळे ब्लडवर्म (लाल अळ्या) गिळून मोकळे झालेले असतात. टँक वरून शांत दिसतो आणि पफरचं पोट मात्र आत जात राहतं.

खरं तर पी पफरला सोबत हवीच असेल तर पी पफरचीच द्यावी. त्यात पण नर एकमेकांना छळतात. नर ओळखायचा तर पोटाखाली मधोमध गडद रेघ आणि डोळ्यांमागे बारीक सुरकुत्या, मादी जरा गोलसर. लहान वयात हे काहीच कळत नाही, त्यामुळे दोनच आणले आणि दोन्ही नर निघाले तर एकाचे हाल ठरलेले. माझं मत विचाराल तर एक तर एकटाच ठेवा नाहीतर सहाच्या आसपास ठेवा, माद्या जास्त, आणि जावा मॉस, लाकूड, झाडं अशी लावा की एकाला दुसरा सतत दिसणार नाही. समोरासमोर नजर तुटली की पाठलाग बऱ्यापैकी कमी होतो.

"बाऊलमध्ये आरामात राहतो"

नाही राहत. हा मांस खाणारा मासा, उष्टं खूप टाकतो, आणि थोड्या पाण्यात ते कुजून अमोनिया झटकन वाढतो. त्यात अंगावर नेहमीसारखे खवले नाहीत, त्यामुळे खराब पाणी आणि तांबं असलेली औषधं याला लवकर बाधतात. एकट्याला निदान 20 लिटर, ग्रुपला 75 लिटरच्या वर, फिल्टर, आणि मासा यायच्या आधी टँक पूर्ण सायकल झालेला, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढलेला हवा. तापमान 24 ते 28 डिग्री आणि दर आठवड्याला वॉटर चेंज.

"पाण्यात मीठ टाका"

हा घोळ दुसऱ्या पफरमुळे झालाय. ग्रीन स्पॉटेड पफरसारखे मासे मचूळ पाण्याचे, त्यांना मीठ लागतं. पी पफर पूर्ण गोड्या पाण्याचा. पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला, 1941 मध्ये होरा आणि नायर यांनी त्याचं वर्णन केलं तेच मुळी पंबा नदीतल्या माशांवरून. रोजच्या पाण्यात त्याला मिठाची काहीही गरज नाही.

आणि नद्यांचा विषय निघालाच आहे तर, आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत हा मासा असुरक्षित गटात आहे, विकायला येणारे बरेचसे आजही थेट निसर्गातून पकडलेले असतात. असा मासा बाऊलमध्ये दोन महिन्यांत मारायचा आणि दुसरा आणायचा हे मला खरंच बघवत नाही. पकडलेले असल्यामुळे अनेकांच्या पोटात जंत पण असतात, म्हणून आणल्यावर वेगळ्या टँकमध्ये ठेवून खातोय का, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी आहे का हे बघायचं आणि जंत वाटले तर माहितगाराला विचारून औषध द्यायचं.

"फ्लेक्स खातो"

तोंडात घेतो आणि थुंकतो, ते बघून लोकांना वाटतं खाल्लं. फ्लेक्स-पेलेटवर येणारा पी पफर क्वचित. त्याला जिवंत किंवा फ्रोझन लागतं, ब्लडवर्म, डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव), डासांच्या अळ्या, छोट्या गोगलगायी. हे रोज पुरवणं जमणार नसेल तर हा मासा घेऊच नका.

"गोगलगायी साफ करतो"

हे खरंय, फक्त हिशोब उलटा आहे. टँकमधल्या छोट्या गोगलगायी काही दिवसांत संपतात आणि मग तुम्हालाच वेगळ्या डब्यात रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर स्नेल वाढवत बसावं लागतं, कारण त्या त्याचं आवडतं खाणं आहेत आणि कवच चावून दात झिजायला पण मदत होते. ट्रम्पेट स्नेलचं कवच फार कडक, त्या सहसा तशाच राहतात. म्हणजे फक्त गोगलगायींसाठी पफर आणायचा असेल तर त्यापेक्षा खाणं कमी टाका, त्या आपोआप कमी होतात.

ज्यांच्याकडे आधीच पफर आणि गप्पी एकत्र आहेत त्यांनी आज लाईट बंद झाल्यावर टॉर्च घेऊन प्रत्येकाची शेपटी बघा. खाच दिसली तर सगळ्यांना इकडेतिकडे करायची गरज नाही, एकटा पफर काढायचा. छोटा टँक, जुन्या टँकच्या फिल्टरमधला थोडा वापरलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये म्हणजे सायकलला आधार मिळतो, तिथलंच अर्धं पाणी, मूठभर जावा मॉस, आणि पुढचे काही दिवस अमोनिया टेस्ट रोज. गप्पींच्या शेपट्या स्वच्छ पाण्यात हळूहळू परत येतात.