घरटी पाच रोपं लावली की कार्बन फिटला? नाही हो

मिरग जवळ आला की गल्लीच्या, भावकीच्या, शाळेच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरालाय बघा. घरटी पाच रोपं लावा, गाडीचा आणि गॅसचा सगळा कार्बन फिटला, पिंपळ रात्रीपण ऑक्सिजन देतो, घरात मनी प्लांट ठेवा हवा शुद्ध होते, आणि म्हातारी झाडं कार्बन घेत नाहीत म्हणून ती काढून नवीन लावा. पाठवणाऱ्यांचं मन चांगलंच आहे, पण यातलं बरंच चूक आहे आणि शेवटचं तर घातकच.

आधी पाच रोपांचं बघू. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. खानापूरहून बेळगावला रोज बाईकवर कामाला येणारा माणूस जाऊन येऊन 50 किलोमीटर, म्हणजे दिवसाला लिटर धरा, वर्षाचे 300 दिवस, झाले 690 किलो. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला 20 किलोच्या आसपास घेतं असं ढोबळ धरतात, म्हणजे एका बाईकला 34-35 मोठी झाडं, आणि रोप पहिली काही वर्षं तर अगदीच थोडं घेतं. तेही जगलं तर. आमच्या गल्लीत 40 लावली होती, फोटो झाले, एप्रिलात पाणी घालायला कोण नाही, आज 6 उभी आहेत.

पिंपळ. ऑक्सिजन सुटायला ऊन लागतं, रात्री पिंपळपण आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो. सावलीसाठी, पाखरांसाठी जरूर लावा की.

मनी प्लांटच्या मागे नासाचा 1989 चा अभ्यास सांगतात, पण तो बंद पेटीत बेंझिनसारख्या वायूंवर केलेला होता, कार्बन साठवण्याचा त्यात विषयच नव्हता. कुंडीतलं रोप जेवढं वजन धरतं तेवढ्यातच त्याचा कार्बन, बस.

आता म्हातारी झाडं, इथं मला खरंच राग येतो. सुक्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनच असतं. परड्यातल्या जुन्या आंब्यात एक टन सुकं लाकूड असलं तर त्यात अर्धा टन कार्बन, म्हणजे त्याला जोडलेल्या ऑक्सिजनचं वजन धरून हवेतला 1.8 टन कार्बन डायऑक्साइड त्यानं धरून ठेवलाय, तो तोडून चुलीत घातला की सगळा परत हवेत. आणि म्हातारं झाड घेत नाही हेपण खोटं, 2014 मध्ये 403 जातींच्या झाडांचा अभ्यास आला, त्यात बहुतेक जातींत झाड जेवढं मोठं तेवढं दर वर्षी जास्त लाकूड भरतं असं दिसलं. बेळगाव-खानापूर रस्ता रुंद करताना जी जुनी झाडं गेली त्यांची भरपाई रोपांचा आकडा सांगून होत नाही. जांबोटी, कणकुंबीकडचं रान आहे तसं राखणं हे आपल्या भागातलं सगळ्यात मोठं काम.

मेसेजमध्ये मातीचं तर नावच नाही. चिकोडी, निपाणीकडं ऊस तुटला की फडातला पाला पेटवतात, गल्लीत आपण झाडलेला पातेरा पेटवतो, म्हणजे झाडानं वर्षभर धरलेलं अर्ध्या तासात सोडून द्यायचं. तो पाला सरीत कुजू दिला तर थोडा कार्बन मातीत राहतो, ओल टिकते, पुढच्या पिकाला खत.

त्यामुळं यंदा आमच्या गल्लीत आम्ही 10 च रोपं लावालोय, जांभूळ, फणस, आंबा, कडुनिंब, आणि प्रत्येक रोपामागं दोन घरं, फेब्रुवारी ते मे कोण कुठल्या वारी पाणी घालणार ते नावासकट ठरलंय, आणि पातेऱ्यासाठी देवळामागं खड्डा काढलाय.