अनवाणी धावणाऱ्याचा बूट

मुंबईत अनवाणी चालणाऱ्या माणसाला मोठा मान आहे. अट एवढीच, की त्यामागे देव असला पाहिजे. सोमवारी रात्री सिद्धिविनायकाच्या दर्शनासाठी अनवाणी निघालेल्या भाविकांना प्रभादेवीच्या वाटेवर कोणी हटकत नाही, उलट सगळे अदबीने बाजूला होतात. त्याच रस्त्यावर चाळिशी उलटलेला एखादा गृहस्थ हाफ पँट घालून अनवाणी धावू लागला, की मात्र शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरील ज्येष्ठ मंडळींचे संभाषण थांबते. ‘नवस का?’ असे मला वारंवार विचारले जाई आणि ‘नाही, व्यायाम’ हे उत्तर देताना मलाच ओशाळल्यासारखे होई. नवसाला कारणमीमांसा लागत नाही. व्यायामाला लागते, आणि ती मी सर्वांना सविस्तर ऐकवत असे.

मीमांसा अशी, की गादीदार बूट घालून धावणारा माणूस बहुधा टाच आधी टेकवतो. बूट काढले की टाचेला बसणारा दणका सोसवत नाही आणि पाऊल आपसूक चवड्यावर उतरू लागते. चवड्यावर उतरणाऱ्या अनवाणी धावपटूंना तो सुरुवातीचा दणका जवळजवळ बसतच नाही, असे हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले होते. दणका कमी म्हणजे दुखापतीही कमी, असे त्या निबंधात सिद्ध केलेले नव्हते; परंतु ते कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. शिवाय माझ्याकडे अबेबे बिकिला होता. इथिओपियाच्या या धावपटूने १९६०च्या रोम ऑलिंपिकमधील मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकली, हे ऐकवल्यावर समोरचा माणूस निदान चहा संपेपर्यंत तरी गप्प बसे.

मग एके दिवशी उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, ठणका सुरू झाला. आईने आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप घातला, त्यामुळे पाऊल शोभिवंत झाले, पण ठणका राहिला. एक्स-रेमध्ये काहीही दिसले नाही, तेव्हा मला आनंद झाला आणि घरच्यांची किंचित निराशा. हाडांच्या डॉक्टरांनी मात्र फिल्म बाजूला ठेवली, अंगठ्याने एकच जागा दाबली आणि माझ्या तोंडून जो स्वर निघाला तो ऐकून बाहेर बसलेले दोन रुग्ण उठून उभे राहिले. एमआरआयने त्या स्वराला दुजोरा दिला. दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला (मेटाटार्सलला) स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे केसाएवढी चीर, गेली होती.

डॉक्टर बोलके निघाले. या दुखण्याला मार्च फ्रॅक्चर असेही म्हणतात, कारण कवायती करून सुजलेल्या सैनिकांच्या पायांचे वर्णन प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी १८५५ सालीच करून ठेवले आहे. एक्स-रेचा शोध लागला १८९५ साली, त्यामुळे त्या बिचाऱ्यांना सूज दिसत होती, हाड दिसत नव्हते. मला तर एक्स-रे असूनही दिसले नव्हते, कारण अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेला बहुधा हुलकावणी देते. ‘पण त्या सैनिकांच्या पायात बूट होते ना?’ असे मी आशेने विचारले. डॉक्टरांनी त्यावर चष्मा पुसला.

त्यांनी पुढे सांगितले ते असे. अनवाणी धावताना टाचेचा भार नाहीसा होत नाही, तो पोटरीवर, घोट्यामागच्या शिरेवर आणि पावलातल्या या सडपातळ हाडांवर सरकतो. छाती आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, हाडाला महिने लागतात. भार वाढला की हाड स्वतःची डागडुजी काढते. त्यात जुना भाग पोखरणाऱ्या पेशी आधी येतात आणि नवे हाड भरणाऱ्या पेशी मागाहून सावकाश येतात. मुंबईकराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रस्ता खोदणारे एका रात्रीत येऊन जातात, बुजवणारे पावसाळ्यानंतर उगवतात, आणि मधल्या काळात त्यावरून वाहतूक चालू ठेवली तर काय होते हे आपण रोज पाहतो. माझ्या पावलात वाहतूक चालूच होती. माणसाच्या दोन पावलांत मिळून ५२ हाडे असतात, म्हणजे शरीरातल्या एकूण हाडांपैकी सुमारे चतुर्थांश. त्यांतले एकच खोदले गेले, यात मी समाधान मानावे असे डॉक्टर म्हणाले.

उपचार म्हणून मला बूट मिळाला. पायाला वाऱ्यावर सोडण्यासाठी ज्याने वर्षभर प्रवचने केली, त्याला गुडघ्याच्या खालपर्यंत पोहोचणारा, पाच पट्ट्यांचा, करड्या रंगाचा बूट सहा ते आठ आठवडे घालावा लागणार होता, आणि त्याने उजवा पाय उंच होऊन कंबर वाकडी होऊ नये म्हणून डाव्या पायात जाड सोलचा बूट घालणे आले. माझे जाड सोलचे बूट मी मतपरिवर्तनाच्या पहिल्या उत्साहात मेहुण्याला देऊन टाकले होते. बायकोने फोन लावला. मेहुणा त्याच संध्याकाळी आला आणि पिशवीतून फक्त डावा बूट काढून म्हणाला, ‘‘भावोजी, तुम्हाला एकच लागणार आहे ना? मग दोन्ही कशाला अडकवून ठेवायचे?’’ जाताना त्याने, घरी पाठ करून आल्यासारखे, सांगितले की तोच बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून धावला आणि रोमपेक्षा तीन मिनिटे लवकर पोहोचला. ही माहिती खरी आहे. ती त्याला माझ्या बायकोने पुरवली होती.

लोकलमध्ये मात्र या बुटाने माझी पत वाढवली. ज्या डब्यात चौथ्या सीटसाठी शब्दाला शब्द लागतो, तिथे लोक खिडकी देऊ लागले. त्या मोबदल्यात हकीकत सांगावी लागे. ‘‘काय झालं?’’ ‘‘धावताना.’’ ‘‘कुठली, आठ सतराची?’’ मुंबईत माणूस गाडी पकडण्याखेरीज अन्य कारणाने धावतो हे पटवणे अवघड आहे. ‘अनवाणी’ हा शब्द उच्चारताच एका काकांनी ‘‘नवस?’’ असे विचारले. मी ‘‘हो’’ म्हणालो. सबंध डब्याने सहानुभूतीने मान हलवली, कोणी लीबरमन विचारला नाही आणि दादरला उतरताना मला दोघांनी हात दिला.

आता बूट सुटला आहे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला जमिनीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करण्याचा व्यायाम दिला असून, त्याकडे बघत आई म्हणते की पोछा मारतोच आहेस तर कोपराही घे. अनवाणी चालणे तूर्त घरातल्या घरात. मैदानावर थोडे चालणे, थोडे धावणे, आणि तेही बूट घालून, अशी आज्ञा आहे. त्यासाठी उजव्या बुटाची चौकशी केली. मेहुण्याने दरम्यान नवा टेम्पो घेतला आहे आणि दृष्ट लागू नये म्हणून मागच्या बाजूला, नंबरप्लेटच्या खाली, माझा उजवा बूट टांगला आहे. तो काढून द्यायला त्याची स्वतःची हरकत नाही. परंतु भिवंडीच्या रस्त्यावर आजवर टेम्पोला ओरखडासुद्धा उठलेला नसल्यामुळे सासूबाई त्या बुटाला हात लावू देत नाहीत.