रुंद टायर टाकला की सगळंच वाढतं? नाही वाढत

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्यातले सल्ले असे: कंपनीच्या टायरपेक्षा एक साइज रुंद घ्या, ग्रिप, आराम आणि आयुष्य तिन्ही वाढतं. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे पुढे लावा. ट्रेडवेअर (टायरच्या बाजूला छापलेला झिजेचा आकडा) ४०० म्हणजे ४० हजार किलोमीटर. उन्हाळ्यात हवा पाच पॉइंट (पीएसआय) कमी ठेवा. पहिल्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. बाकीचे चूक आहेत, आणि त्यातले दोन तर जिवावर बेतू शकतात.

आधी रुंदी. बऱ्याच हॅचबॅक आणि छोट्या सेडानना १८५/६५ आर१५ टायर येतो. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. त्याजागी १९५/६५ घेतला तर कोरड्या रस्त्यावर वळणात पकड जरा वाढते, हे खरं. पण टायरचा जमिनीला टेकणारा भाग किती मोठा असेल हे मुख्यतः वजन आणि हवा ठरवतात. रुंद टायरमध्ये तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. साचलेल्या पाण्यात इथेच गणित उलटतं. रुंद टायरला एका वेळी जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून नक्षी तितकीच खोल असली तरी तो पाण्यावर लवकर तरंगतो. ओल्या रस्त्यावर पकड हवी असेल तर रबराची जात आणि नक्षीची खोली बघा, रुंदी नव्हे.

रिमही मधे येते. १९५/६५ आर१५ ला किमान साडेपाच इंच रुंद रिम लागते. खालच्या व्हेरियंटची स्टीलची रिम पाच इंची असेल तर हा टायर तिच्यावर बसवूच नये. रिमवर ‘५जे’ किंवा ‘५½जे’ असा शिक्का असतो, तो वाचून घ्या. शिवाय या टायरचा व्यास दोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे काटा १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा सुमारे दोन किलोमीटर जास्त वेगाने पळत असते.

‘रुंद टायर जास्त वजन पेलतो’ हेही सरसकट खरं नाही. साइजनंतरचा आकडा लोड इंडेक्स असतो. १८५/६५ आर१५ वर बहुधा ८८ असतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर१५ दिसायला रुंद, पण त्यावर सहसा ८५ असतो, म्हणजे ५१५ किलो. चार चाकांत १८० किलोची क्षमता गेली, आणि गाडीतली पाच माणसं नि सामान मात्र आधीइतकंच राहिलं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा कमी इंडेक्स कधीही घेऊ नका. पुढचं अक्षर जास्तीत जास्त वेगाचं, ताशी किलोमीटरमध्ये: टी १९०, एच २१०, व्ही २४०.

आराम तर रुंदीत नसतोच, तो साइडवॉलमध्ये असतो. १६ इंची अलॉय घालून १९५/५५ आर१६ लावला तर व्यास जवळपास तोच राहतो, पण साइडवॉल १३ मिलिमीटरने कमी होते. मग खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात रबर चिमटतं, आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. तो दुरुस्त होत नाही, टायर फेकावाच लागतो.

आता सगळ्यात घातक सल्ला: नवे टायर पुढे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर आधी झिजतात, म्हणून दुकानातही नवे तिथेच चढवतात. पण मागे गोटा टायर ठेवले तर पाणी साचलेल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते. घाबरून ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, मागचा भार आणखी हलका होतो आणि गाडी गर्रकन फिरते. याउलट पुढची चाकं आधी सुटली तर स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी सरळ जाऊ बघते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सहसा पकड परत येते. म्हणून नवी जोडी मागे, बरी उरलेली जोडी पुढे. गाडी कुठल्याही चाकांवर चालणारी असो. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली तर चारही टायर एकदमच संपतात आणि हा प्रश्नच येत नाही.

ट्रेडवेअरचा आकडा किलोमीटर सांगत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या ठरावीक रस्त्यावर सुमारे ११,६०० किलोमीटर टायर पळवून त्याची झीज १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी ताडतात, आणि आकडा कंपनी स्वतःच छापते. तुलना एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत करा. मोठा आकडा बहुधा कडक रबराचा, म्हणजे टिकायला चांगला, ओल्यात पकडायला कमी.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवणं म्हणजे टायर फुटायला आमंत्रण. तापमान १० अंशांनी वाढलं की हवा साधारण दीड पॉइंट वाढते, आणि टायर बनवताना ते धरलेलंच असतं. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त दुमडते, आतून तापते आणि समृद्धीवर १२० ने तासभर चालवल्यावर थर सुटू शकतात. स्टिकरवर ३३ असेल तर गाडी किमान तीन तास उभी असताना ३३ भरा. नायट्रोजन भरला तरी हेच, कारण साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

दुकानात टायर चढवण्याआधी साइडवॉलवरचे, टायर कधी बनला हे सांगणारे चार आकडे वाचा. २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. नक्षीवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला, आणि ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करा, रबराचे व्हॉल्व्ह नवे घ्या आणि ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. नव्या रबरावर साच्यातला बुळबुळीतपणा असतो, तेव्हा पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक जरा लवकर लावा.