उमेदवाराचे कष्ट मतमोजणीनंतर कुठे जातात?

महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदा आणि महानगरपालिका तीन-चार वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या आणि अखेर डिसेंबर 2025 व जानेवारी 2026 मध्ये त्यांच्या निवडणुका झाल्या. माझी नोकरीची सगळी वर्षे एका नगरपरिषदेत सभा-कामकाजाच्या टेबलावर गेली, त्यामुळे उमेदवार पत्रकावर स्वतःची ओळख कशी करून देतो हे बारकाईने वाचण्याची सवय मला आहे. या वेळीही बऱ्याच पत्रकांत पहिली ओळ तीच होती : वडील गिरणीत, आई धुणीभांडी करणारी, बालपण एका खोलीत, शिक्षण रात्रशाळेत. अशा ओळींना नाक मुरडणारे लोक मला ठाऊक आहेत. मी त्यांच्यातला नाही. ज्याने हलाखीत दिवस काढून, घर सांभाळून, कुणाच्या आधाराशिवाय अर्ज भरण्यापर्यंत मजल मारली, त्याने ती गोष्ट सांगावी आणि आपण ती आदराने ऐकावी, असेच मला वाटते. माझा प्रश्न निकालानंतरचा आहे. ज्या कष्टांच्या आधारावर आपण एखाद्याला निवडून देतो, त्या कष्टांतून आलेल्या जाणतेपणाचे सभागृहात पुढे काय होते, हे विचारण्याची तसदी आपण क्वचितच घेतो.

हा प्रश्न माझ्या मनात घट्ट बसला तो गयेच्या चिंतादेवींमुळे. गया आपल्याला परकी नाही. काशी-गयेची यात्रा पुरी केल्यावर मावंदे घालणारी घरे महाराष्ट्रात अजून आहेत, आणि फल्गूच्या काठावरचे आजचे विष्णुपद मंदिर अहिल्यादेवी होळकरांनी 1787 मध्ये उभारले, हे आपण अभिमानाने सांगतो. पितृपक्षात लाखो माणसे तिथे पिंडदानाला जातात आणि विधी उरकून परततात. त्यांच्यामागे उरलेले शहर झाडून काढणाऱ्या हातांचा विचार कोणी करत नाही. चिंतादेवी त्या हातांपैकी एक. सुमारे चार दशके त्यांनी गयेत सफाईचे काम केले, आणि त्यातला सुरुवातीचा काळ डोक्यावरून मैला वाहण्याचा होता. 2022 च्या अखेरीस बिहारमध्ये महापौर आणि उपमहापौर प्रथमच थेट जनतेच्या मतांनी निवडले गेले, आणि गयेच्या मतदारांनी मोठ्या मताधिक्याने चिंतादेवींना उपमहापौर केले. ज्या महापालिकेच्या हद्दीत त्यांनी झाडू मारला, त्याच महापालिकेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर त्या बसल्या. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांचे छायाचित्र छापले.

डोक्यावरून मैला वाहणे म्हणजे काय, हे आज पंचविशीत असलेल्या वाचकाला कदाचित सांगावे लागेल, म्हणून थोडे थांबतो. फ्लशचे संडास नव्हते तेव्हा घरामागे टोपलीचे संडास असत. मागच्या बाजूच्या लहानशा दारातून सकाळी ती टोपली ओढून काढायची, पत्र्याच्या तुकड्याने खरवडायची, डोक्यावर किंवा कमरेवर घेऊन गल्लीच्या टोकाला गाडीत रिकामी करायची. पावसाळ्यात टोपली गळे आणि ते पाणी केसांतून मानेवर उतरे. हे काम कोणी करायचे ते जातीने ठरवले होते, आणि ते करणारीला त्याच घराच्या पुढच्या दारी पाणी वरून ओतून मिळत असे. मुंबई राज्य सरकारने 1949 मध्ये या कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला बर्वे समिती नेमली होती, आणि कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी तर सफाई हेच आयुष्याचे व्रत मानले. तरीही या प्रथेवर बंदी घालणारा कायदा यायला 1993 साल उजाडले, तो पुरेसा पडला नाही म्हणून 2013 मध्ये दुसरा करावा लागला, आणि गटारात गुदमरून मेलेल्यांच्या वारसांना भरपाई मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाला 2014 मध्ये दहा लाखांचा आणि 2023 मध्ये तीस लाखांचा आदेश द्यावा लागला. चिंतादेवी ज्यातून आल्या ते हे आहे, आणि त्यांच्या मागे या कामाची अशी एवढी पिढीजात पार्श्वभूमी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या विजयाचे मोल कळते.

पुढे सप्टेंबर 2024 मध्ये बातमी आली की गयेच्या उपमहापौर रस्त्याच्या कडेला बसून भाजी विकत आहेत. जमिनीवर भाजी मांडून बसलेल्या त्या वृद्ध बाईंभोवती गर्दी जमली, छायाचित्रे निघाली, आणि त्यांनी आपले गाऱ्हाणे साध्या शब्दांत मांडले : महापालिकेत काय निर्णय होतात ते मला कोणी सांगत नाही, बैठकांना बोलावणे येत नाही, मानधन मिळत नाही, मग मी पोट कसे भरू? प्रशासनाचे म्हणणे काहीही असो, हजारो मतदारांनी निवडून दिलेल्या व्यक्तीला असे जाहीरपणे रस्त्यावर बसावेसे वाटले, एवढी एकच गोष्ट कोणत्याही नगरसंस्थेला खाली मान घालायला लावणारी आहे. भाजी विकण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो त्यांना बाजूला बसवून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. शहराची घाण कुठे साचते, ती कोण उचलतो, कोणत्या गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून टोपलीच न्यावी लागते, हे चाळीस वर्षे अंगावर घेतलेल्या बाईपेक्षा अधिक कोणाला कळणार होते? तिचा सल्ला महापालिकेला फुकट मिळत होता आणि तोही नको झाला.

हे गयेत घडले म्हणून बिहारकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण सभागृहाचे दार आतून कसे बंद राहते ते मी आपल्याकडेच पाहिले आहे. मी जिथे काम केले तिथे एकदा राखीव जागेवरून एक बाई निवडून आल्या. नवरा सफाई कामगार होता, तो गेल्यावर घर त्यांनीच चालवले, आणि कामगार वसाहतीतल्या बायांनी वर्गणी काढून त्यांची अनामत भरली होती. पहिल्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका नियमाप्रमाणे त्यांच्या घरी पोहोचली. त्या कागदांवर 'कार्योत्तर मंजुरी', 'लेखाशीर्ष', 'न्यूनतम दरपत्रक', 'मुदतवाढीस्तव सादर' अशी भाषा होती, जी समजायला मला स्वतःला नोकरीची पहिली काही वर्षे गेली होती. बाई शेवटच्या रांगेत बसल्या. गटारसफाईच्या ठेक्याला मुदतवाढ देण्याचा विषय आला तेव्हा त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ठेकेदार माणसं किती लावतो ते सांगा. मुकादमाच्या वहीत अठरा असतात, आमच्या गल्लीत सहाच दिसतात."

क्षणभर सगळे गप्प झाले. त्या सभेत त्या दिवशी विचारला गेलेला तो सर्वात नेमका प्रश्न होता, कारण ठेक्याचे बिल वहीतल्या माणसांवर निघते आणि गल्ली मात्र आलेल्या माणसांवर स्वच्छ होते. त्याचे उत्तर देण्यासाठी हजेरी तपासावी लागली असती. "ताई, ते आपण नंतर बोलू," असे सांगून विषय पुढे नेण्यात आला, आणि इतिवृत्तात सूचक, अनुमोदक व 'सर्वानुमते मंजूर' एवढेच उरले, कारण इतिवृत्तात ठराव येतो, प्रश्न येत नाही. पुढल्या सभांना त्या येत राहिल्या, पण बोलणे कमी होत गेले. त्यांच्या प्रचारपत्रकावर हातात झाडू घेतलेले छायाचित्र होते आणि ते लोकांना फार भावले होते. त्या झाडूमुळे त्यांना जे कळत होते, त्याला सभागृहात जागा नव्हती.

महाराष्ट्रात ही गोष्ट आणखी बोचते, कारण आपण सफाईचे काम वारशाने चालू ठेवले आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे निवृत्त किंवा मृत सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. त्या कुटुंबांसाठी हा मोठा आधार आहे आणि तो काढून घ्यावा असे मी मुळीच म्हणणार नाही, पण आजा, बाप आणि नातू एकाच हजेरी शेडमध्ये सही करताना मी पाहिले आहेत, आणि नातू पदवीधर असतानाही त्याच्या हाती झाडूच आला हेही पाहिले आहे. ठेका पद्धत आल्यावर तर तेवढीही शाश्वती उरली नाही. मुंबईत कचरा वाहतूक करणाऱ्या 2,700 कंत्राटी कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले, आणि तो निकाल 2017 मध्ये लागला. अशा घरातून कोणी उमेदवारी अर्ज भरतो तेव्हा तो ज्या अडथळ्यांवरून आलेला असतो त्यांतले निम्मे खुद्द नगरसंस्थेनेच उभे केलेले असतात.

आता कोणी म्हणेल की गरिबी भोगली म्हणजे माणूस चांगला कारभारी होतो असे थोडेच आहे. हे म्हणणे रास्त आहे. हलाखीतून वर आलेला माणूस खुर्ची मिळताच ज्या गल्लीतून आला तिच्याकडे पाठ फिरवतो, असेही आपण पाहतो, आणि काही पत्रकांत तर गरिबीची कहाणी पैशाच्या राशीवर बसून लिहिलेली असते. म्हणून मी कहाणी ऐकल्यावर एक गोष्ट पाहतो : त्या काळात हा माणूस कोणासाठी उभा राहिला होता? स्वतः अडचणीत असताना शेजाऱ्याच्या रेशनकार्डासाठी तहसीलला गेला होता का, वसाहतीच्या नळासाठी अर्ज लिहिला होता का, हजेरी कापली जाईल हे ठाऊक असूनही मुकादमाला जाब विचारला होता का? गयेचेच दुसरे उदाहरण भगवतीदेवींचे. त्या दगड फोडून पोट भरत होत्या, 1969 मध्ये आमदार झाल्या आणि 1996 मध्ये गयेतून लोकसभेत गेल्या. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडला 2018 मध्ये राहुल जाधव महापौर झाले, ते एकेकाळी रिक्षा चालवत होते. कष्टाच्या कामातून आलेली माणसे मोठी पदे मिळवू शकतात याबद्दल शंका घेण्याचे कारण उरलेले नाही. पद मिळाल्यावर त्यांच्या हाती काय पडते, शंका तिथे आहे.

पैशाची गोष्टही टाळून चालणार नाही, जरी सभ्य माणसे ती काढत नाहीत. 2017 पासून मुंबईच्या नगरसेवकाला महिन्याला 25 हजार रुपये मानधन ठरले. लहान महापालिकांत ते याहून कमी आहे, आणि नगरपरिषदेच्या सदस्याला सभेच्या भत्त्यापलीकडे फारसे काही नाही. ज्याचे दुकान आहे, शेती आहे, ठेकेदारीत भागी आहे, त्याचे यावाचून अडत नाही. रोजंदारीवर जगणारी सदस्य मात्र सभेला आली की त्या दिवसाची मजुरी बुडवते. आपण तिला पाच वर्षे लोकसेवा करायला सांगतो आणि पाच वर्षांचे पीठमीठ कुठून येणार हे विचारत नाही. मग तिच्या वतीने दुसराच कोणी कारभार पाहू लागतो, कधी दीर, कधी ठेकेदार, कधी तिकीट मिळवून देणारा स्थानिक पुढारी, आणि आपण वर तोंड करून म्हणतो की या बायकांना काही कळत नाही. 2011 पासून आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. जागा दिल्या, पण त्या जागेवर बसून काम करता येईल एवढी सोय कोणी केली नाही.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत, हे मी त्या टेबलावर बसलेला माणूस म्हणून सांगतो. विषयपत्रिकेतील प्रत्येक विषयाखाली साध्या मराठीत चार ओळी लिहिता येतात : काय करायचे आहे, कुठे, किती पैशांत, आणि नाही केले तर कोणाचे अडेल. सभेच्या आदल्या दिवशी कार्यालयातील एका माणसाने नव्या सदस्यांना ती पत्रिका वाचून समजावून सांगता येते. सदस्याने विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवता येते, आणि उत्तर मिळाले नसेल तर तेही. मानधन वेळेवर खात्यात जमा करता येते. यांपैकी कशालाच फार मोठा खर्च नाही, नव्या इमारतीची गरज नाही, आणि कोणत्याही पक्षाला यात तोटा नाही.

चिंतादेवींच्या कार्यकाळातला काही काळ अजून शिल्लक आहे, आणि आपल्या नव्या सभागृहांचा तर जेमतेम सुरू झाला आहे. नगरपरिषदांच्या कायद्यात 'स्वच्छता, वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य समिती' नावाची एक विषय समिती आहे, जिच्यासमोर कचऱ्याचे ठेके, गटारे आणि सफाई कामगारांचे प्रश्न येतात. तुमच्या गावात ज्याने किंवा जिने सफाई कामगाराच्या घरातून आल्याचे पत्रकावर छापून मते मागितली, ते सदस्य त्या समितीवर आहेत का, हे नगरपरिषदेत जाऊन विचारा. नसतील तर त्यांच्या गटनेत्याला लेखी पत्र द्या आणि पत्राची पोच घ्यायला विसरू नका.