खुलासा : दुमी ही नेपाळीची बोली नाही

नेपाळच्या खोटांग जिल्ह्यातील दुमी राई समाजाची भाषा ही देवनागरीत लिहिली जाते, म्हणून ती नेपाळीचीच डोंगरी बोली आहे, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. नेपाळी ही मराठीप्रमाणे भारतीय-आर्य कुळातील आहे, तर दुमी ही तिबेटी-बर्मी कुळाच्या किराती शाखेतील असून खालिंग व कोयी या तिच्या जवळच्या भाषा आहेत. लिपीवरून कूळ ठरवायचे, तर मराठी आणि देवनागरीतच लिहिली जाणारी आसामातील तिबेटी-बर्मी भाषा बोडो यांनाही सख्ख्या बहिणी म्हणावे लागेल.

दुमीचे क्रियापद केवळ कर्त्यानुसार नव्हे, तर कर्मानुसारही बदलते. त्यात एकवचन, द्विवचन, अनेकवचन असा भेद असतो आणि शिवाय आपल्या ‘आम्ही’ व ‘आपण’ यांच्यातील फरकही क्रियापदाच्या रूपातच दिसतो. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज फान ड्रीम यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या दुमीच्या व्याकरणात या रूपांची सविस्तर मांडणी आहे.

‘राई’ नावाची एकच भाषा आहे, हेही खरे नाही; बान्तावा, कुलुंग, थुलुंग या राई समाजांच्या स्वतंत्र भाषा आहेत. दुमी कुटुंबांतील मुले मोठ्या प्रमाणावर नेपाळीकडे वळली आहेत, हे मात्र खरे.