बेन एव्हनच्या माथ्याबद्दल खुलासा

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांतल्या बेन एव्हनविषयी एक मेसेज फिरतोय: 'माथा सपाट, नुसतं चालत शिखर गाठता येतं, वरचे सुळके लाव्हाचे.'

पठार विस्तीर्ण आहे, हे खरं. पण १,१७१ मीटरचा सर्वोच्च बिंदू एका उघड्या कातळसुळक्यावर आहे, नकाशात पाहा. शेवटचा टप्पा हातांचा आधार घेत चढावा लागतो, आणि कातळ ओला किंवा गोठलेला असेल तर तो अजिबात सोपा नाही. धुक्यात हे सुळके एकसारखेच भासतात, म्हणून होकायंत्र हवंच.

दगडही लाव्हाचा नाही, ग्रॅनाइट आहे. त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात, कारण शिलारस जमिनीखाली खोलवर सावकाश थिजला. मग वरचा थर झिजून तो उघडा पडला.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, विशेषतः हिवाळ्यात तिकडे निघालेल्यांना.