नायिकेच्या हातात गराडू

चौदाव्या पानावर आत्याने चष्मा काढला आणि विचारलं, "हा चंद्र कुठला?"

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने भाजी आणावी, विजेचं बिल भरावं, फार तर गुडघ्यांवर बोलावं. प्रेमाची कादंबरी लिहू नये, असा इंदूरच्या आमच्या रामबागेत अलिखित नियम आहे. मी तो मोडला. पहिली तीन प्रकरणं पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवली, तर ती परत आली आणि समासात पेन्सिलीने दोनच शब्द होते: "पटत नाही." मला वाटलं, प्रेम कमी पडलं असेल. म्हणून सढळ हाताने वाढवलं. त्या भरात चौदाव्या पानावर मध्यरात्रीच्या गच्चीवर, दोघांच्या डोक्यावर, तृतीयेची कोवळी कोर टांगली.

"तृतीयेची कोर दिवेलागणीला दिसते आणि जेवणं आटपेपर्यंत मावळतेसुद्धा," आत्या म्हणाली. "मध्यरात्री कुठून आणलीस? पन्नास वर्षं संकष्ट्या करते आहे मी. चंद्राची वाट बघण्यात माझा हात कोणी धरणार नाही."

"आत्या, प्रेमात असं चालतं."

"प्रेमात चालत असेल रे. आकाशात नाही चालत."

त्यानंतर ती थांबेचना. एकविसाव्या पानावर नायक ऐन मे महिन्यात नायिकेला गराडू खिलवतो. गराडू म्हणजे तळून खायचा कंद, तो थंडीतला. इंदुरात जन्म काढलेल्या माणसाने ही चूक करावी? तेहतिसाव्या पानावर डिसेंबरच्या थंडीत तो तिला मोगऱ्याचा गजरा देतो. मोगरा उन्हाळ्याचा. माझ्या कादंबरीत ऋतूप्रमाणे वागणारी एकच वस्तू होती, नायकाचा स्वेटर. आणि खरं सांगतो, मलाच मग नायकाचा संशय यायला लागला. जो मे महिन्यात गराडू आणतो तो पुढे संसारात काय आणेल, सांगता येत नाही. मुलीच्या बापाच्या जागी मी असतो तर स्थळ परत पाठवलं असतं. प्रकाशकांनी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक वही घेतली आणि संशोधनाला लागलो.

सुरुवात सराफ्यापासून. माझी जोडी दुपारी चारला तिथे कचोरी खात होती. दुपारी चारला सराफ्यात सोनं-चांदी मिळते. खाऊवाले येतात रात्री, सराफांची शटरं पडली की त्यांच्याच ओट्यांवर. म्हणजे नायिकेला रात्री साडेनऊनंतर घराबाहेर काढणं आलं. काळ १९७१चा, घर मराठी, वडील मास्तर. एकटी कशी सुटणार? दोन दिवस डोकं धरून बसलो. शेवटी तिच्याबरोबर आई, वडील, धाकटा भाऊ आणि नागपूरची मावशी अशी वरात पाठवली, आणि नायकाला शेजारच्या ओट्यावर एकटाच दहीवडा खात उभा केला. सबंध प्रकरणात तो तिच्याशी एक अक्षर बोलत नाही, नुसतं मावशीला जीरावन मसाल्याचा डबा पुढे करतो. पुढे हेच एक प्रकरण आत्याने दोनदा वाचलं.

पण त्याआधी मला हवा होता संवाद, कानात कुजबुजलेला. तो सराफ्यात ऐकू जाईल का? प्रयोगासाठी हिला घेऊन गेलो. रात्रीचे साडेदहा, तोबा गर्दी, तव्यांचा खणखणाट. हिच्या हातात भुट्ट्याचा कीस. मी कानाशी जाऊन नायकाचं वाक्य म्हटलं, "तुझ्याशिवाय मला काही सुचत नाही."

"काय?"

"तुझ्याशिवाय..."

"शिकंजी ना? आधी कीस तर होऊ द्या."

तिसऱ्या वेळी आवाज चढवला आणि नेमका त्याच क्षणी कढईवाल्याचा झारा थांबला. निम्म्या सराफ्याने ऐकलं. कढईवाला शांतपणे म्हणाला, "भिया, भाभीजी को पहले खा तो लेने दो."

ही घरी येईपर्यंत बोलली नाही. रिक्षात मात्र पदर सारखा करत दोनदा तोंड फिरवून हसली. वहीत नोंद केली: कुजबूज अशक्य, ओरडल्यास परिणाम बरा.

मग रेल्वे. नायिका खंडव्याहून मीटरगेजने येते आहे, कालाकुंडला गाडी सुटते आणि नायक जिवाच्या आकांताने डब्यामागे धावतो, असा माझा जीव की प्राण प्रसंग. आमच्या वाड्यात रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते म्हणाले, "धावतो कशाला? कालाकुंड ते पातालपाणी सगळा चढ. मागून ढकलायला दुसरं इंजिन लावायचे. शेजारून नुसता चालला तरी तिच्याशी बोलत बोलत येईल. त्याला म्हणावं, आधी स्टेशनवरचा कलाकंद घे."

ह्याच काकांनी मला बिघडवलं. ही लाइन व्हावी म्हणून तुकोजीराव होळकरांनी १८७०मध्ये इंग्रजांना एक कोट रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. आता तुम्हीच सांगा, सबंध हयात कर्जखात्यात काढलेल्या माणसाने हे सोडावं कसं? शिवाय १८७० अधिक १०१ म्हणजे १९७१, माझ्याच कादंबरीचं साल! मी अडीच पानं लिहिली. हिने वाचली. "ती बिचारी खिडकीत बसून रडते आहे," ही म्हणाली, "आणि तुम्ही व्याज मोजताय." अडीच पानांची एक ओळ झाली. तीही, माझ्या मते, अन्यायानेच.

राहिलं प्रत्यक्ष प्रेम. ते कोणाला विचारायचं? आत्याचं लग्न १९७१चंच. वही उघडून बसलो. "आत्या, तुझं आणि आतोबांचं प्रेम कसं जमलं?"

"प्रेम कसलं? ठरवून झालं आमचं." मग बराच वेळ वाती वळत राहिली. "साखरपुडा झाला होता, लग्न व्हायचं होतं. सराफ्यातून गराडू घेऊन यायचा. नाव आमच्या बाबांचं, 'तुम्हाला आवडतात म्हणून आणले.' बाबांना दात होते कुठे? पायी यायचा, पुडा गार व्हायचा. मी आत नेऊन तव्यावर पुन्हा गरम करायची, मुद्दाम मंद आचेवर. तेवढा वेळ तो बाहेर बसायचा."

मी भराभर लिहून घेत होतो.

"हे घालणार आहेस?"

"विचारतो आहे तुला."

"घाल. पण महिना पौष लिही." तिने वात तुपात बुडवली. "आणि चंद्र नको घालूस. त्या दिवशी ढग होते."